ओलं फडकं

"शकूताई, मागे बसलेत त्यांना जरा पुढे यायला सांगता का? सगळे एकत्र दिसलेले बरे."

मोबाइलमधली बाई असं म्हणाली, तरी शकूने मागे वळून पाहिलं नाही. मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. डावीकडे शकू, उजवीकडे तिचा नवरा दिनानाथ, आणि दोघांच्या मधल्या फटीतून हमरापूरच्या त्यांच्या कारखान्याची मागची भिंत दिसत होती. फळ्यांवर अडीचशे गणपती बसले होते. पांढरेफटक. डोळे आखायचे राहिलेले.

"मागं कोण नाय," शकू म्हणाली.

"ते डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेत ना? चौकड्यांचा शर्ट?"

दिनानाथ उगाच खोकला. पडद्याच्या खालच्या चौकोनात रोह्याहून त्यांची सून अनिता बसली होती. ती पुढे वाकली, आणि तिचं तोंड एकदम मोठं झालं. तो शर्ट तिने कितीदा तरी इस्त्री केला होता.

"माती हाय ती," शकू म्हणाली. "गणपतीवाल्याच्या घरात माती नाय असणार, तर काय सोनं असणार?"

"बरं," बाई शांतपणे म्हणाली. "पण मी दर वेळी सुरुवातीला हे विचारणार, खोलीत अजून कोणी आहे का. तो नियम आहे. इथलं बोलणं इथल्याच माणसांत राहावं म्हणून."

"इचारा की. तोंड तुमचं हाय."

बाईचं नाव मृणाली. बसायची ठाण्यात, आणि घराघरांतली भांडणं मोबाइलवरून ऐकायची. ही असली कल्पना अनिताने पहिल्यांदा फोनवर सांगितली तेव्हा शकूने पदर तोंडाला लावून हसून घेतलं होतं.

"आई, हसू नका. फॅमिली थेरपिस्ट आहेत त्या. शिकलेल्या आहेत, लायसन्स आहे त्यांच्याकडे."

"लायसन तर रामवाडीच्या दारूच्या दुकानालापण हाय गो. म्हणून काय देवाचा अंगारा तिथनं आणायचा?"

पण पुढचं वाक्य ऐकून तिचं हसू आटलं. अनिता म्हणाली, "दिशाला बरं वाटलं तर मे महिन्यात तिला पाठवीन. नाहीतर यापुढे नाही पाठवणार, आई. तुम्ही काहीही म्हणा."

दिशा म्हणजे शकूची नात. नऊ वर्षांची, एकुलती एक. गेल्या दिवाळीला हमरापूरला आली होती, ती पाडव्याच्या सकाळी रडून रडून निळी पडली आणि आईबरोबर परत गेली. तेव्हापासून डोक्यावरून आंघोळ नाही. केस धुवायचे तर नुसतं ओल्या हाताने पुसून घ्यायचे. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवली, तर पोरीने ती ओरबाडून फेकली आणि अनिताचा हात चावली. हमरापूरचं नाव काढलं की गप्प. रोह्याच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, शरीराला काही नाही, घरात काय झालंय ते बघा. म्हणून ही मृणाली. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, अनिताची फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर.

घरात काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी जुलैत शकूचा मुलगा विशाल रोह्याहून मोटारसायकलने निघाला. कंपनीतली शिफ्ट करून, गणपतीच्या सीझनला हातभार लावायला तो दर वर्षी यायचा. नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आली होती. गाडी सापडली दुसऱ्या दिवशी, तो सापडला तिसऱ्या दिवशी. शकूला त्याचं तोंड दाखवलं नाही. चार पुरुष दारात आडवे उभे राहिले. "वैनी, नका बघू. आता काय बघायचं राह्यलेलं नाय."

ज्या बाईने चाळीस वर्षं देवांचे डोळे उघडले, तिला पोराचे मिटलेले डोळे बघू दिले नाहीत.

शकू शाळेत तिसरीपर्यंत गेली होती, पण डोळ्यांच्या आखणीत तिचा हात धरणारा अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता. मुंबईचे व्यापारी पेणला उतरले की विचारत, मूर्ती कुणाचीही असू दे, आखणी शकूबाईची आहे का. बुबुळ आखताना ती श्वास रोखायची. आजूबाजूला कोणी बोललं तर शिवी हासडायची. एकदा डोळा उघडला की माती राहत नाही, असं तिची सासू सांगायची. तोवर माती, त्यानंतर देव. त्यानंतर मातीवाल्यांचा हक्क संपला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शकूने शाडू मळली. खांद्यापर्यंत विशाल केला. नाक, कानाची पाळी, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण, सगळं बोटांना पाठ होतं. डोळ्यांशी मात्र बोटं थांबली. तिथे नुसते दोन फुगवटे राहिले. शेवटी ते कसे होते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिने मूर्ती खुर्चीवर ठेवली, खांद्यांना प्लास्टिक गुंडाळून वर त्याचा चौकड्यांचा शर्ट चढवला, आणि तोंडावर ओलं फडकं टाकलं. शाडू ओली ठेवली तर काम कधीही पुढे नेता येतं. सुकली की झालं ते झालं. रोज संध्याकाळी ती तांब्याभर पाणी आणायची आणि फडक्यावर थेंब थेंब सोडायची. तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही.

एक दिवस नाही, असं ती म्हणायची. पण एकदा पडला होता. गेल्या माघात भाचीच्या लग्नासाठी ती दोन रात्री रोह्याला राहिली. कारखान्याला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. परत आली तेव्हा तिने मनाची तयारी केली होती, की माती तडकली असणार. दार उघडलं तर फडकं ठिबकत होतं. टप्, टप्. खुर्चीखाली थारोळं.

शकूने ते कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आत शिरताना ती उंबऱ्यावर हळूच खाकरायची, तरुण मुलाच्या खोलीत जाताना आईने खाकरावं तशी.

---

दुसऱ्या गुरुवारी मृणालीने विचारलं, "विशालशी शेवटचं काय बोललात, ते प्रत्येकाने सांगाल?"

अनिता म्हणाली, "डबा घेतलास का, असं विचारलं. बस."

दिनानाथ बराच वेळ मिशी ओढत राहिला. "मी नाय बोललो. म्हटलं, येतोयच तर तोंडावरच बोलू."

"आणि शकूताई, तुम्ही?"

"आठवत नाय."

"काहीच नाही?"

"बाई, तुमी सकाळी काय खाल्लं ते तरी आठवतं का? तीन वरसं झाली."

"पोहे," मृणाली म्हणाली.

दिनानाथला हसू फुटलं. शकूने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते तिथेच विरलं.

तिला आठवत होतं. शब्द न् शब्द. पण तो फोन तिने आणि विशालनेच ऐकला होता. आणि विशाल काही सांगायला येणार नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी मृणाली म्हणाली, पुढच्या वेळी दिशा थोडा वेळ बसेल, पण मागे ते डोळे नसलेले चेहरे दिसतात, त्याने पोरगी बिचकेल. "मागचं धूसर करता येतं. अनिता, आबांना जरा सांगता का कुठे दाबायचं?"

अनिताने सांगितलं, दिनानाथने चष्मा कपाळावर चढवून बोट लावलं. एकदा चुकलं, फोन कापला गेला, परत जोडला. मग जमलं.

पडद्यावर आधी भिंत गेली. दुधात पडल्यासारखी पांढरट झाली. मग फळ्या गेल्या. अडीचशे गणपतींचा एकच ढग झाला. शकू आणि दिनानाथ तेवढे स्वच्छ राहिले.

आणि त्या दोघांच्या मध्ये, मागे, तोही राहिला.

शर्टाची चौकड न् चौकड स्पष्ट. डोक्यावरचं फडकं, त्याची खाली लोंबणारी ओली कड. भोवतीचं सगळं विरघळलं होतं आणि तो तेवढा खुर्चीवर बसून ऐकत होता.

कारखान्यात थेंब पडला. टप्.

"हे यंत्र माणसांना सोडून बाकीचं पुसतं," मृणाली सावकाश म्हणाली. "कधीकधी चुकतं ते. शर्टामुळे असेल."

"यंत्राला कळलं," शकू म्हणाली. तिचा आवाज कसा निघाला ते तिलाच कळलं नाही. त्यात भीती नव्हती. पोराचा पहिला नंबर आल्यावर आईचा निघतो, तसा होता. "बघितलंस ना अनिता? यंत्राला कळतंय कोण माणूस आन् कोण माती."

अनिताचा चौकोन काळा झाला. तिने कॅमेरा बंद केला होता. आतून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई," त्या काळ्या चौकोनातून ती म्हणाली, "दिवाळीत दिशाला तुम्ही तिथे नेलं होतं का? त्याच्यासमोर?"

"नेलं. बापाला नमस्कार करायला नेलं, चोरी केली का? अभ्यंगस्नान झालं, नवा फ्रॉक घातला, म्हटलं चल, बापाला दाखव."

"आणि?"

"आन् काय? त्याचीपण आंघोळ व्हायची होती. म्हटलं, घाल पाणी तुझ्या हातानं. तर बोंबलत सुटली. आजकालची पोरं."

काळा चौकोनही गेला. रोह्याने फोन बंद केला होता. मृणाली म्हणाली, "शकूताई, तुमची चूक काढायला मी इथे नाही. पण पुढच्या वेळी दिशा बोलली, तर तिला मध्ये तोडू नका. एवढं जमेल?"

"जमायला काय झालं?" शकू म्हणाली. पण रात्री जेवण गेलं नाही तिला.

---

चौथ्या गुरुवारी "खोलीत अजून कोणी आहे का" असं विचारल्यावर शकू "कोण नाय" म्हणाली. मधल्या फटीत दिनानाथने स्वतःची खुर्ची आणून लावली होती, मागचं दिसू नये म्हणून. दोघं नवराबायको कधी नव्हे ते खांद्याला खांदा लावून बसली.

दिशा आईच्या मांडीवर होती. केस तेलकट, चपटे. नात किती वाळली, हे शकूला मोबाइलच्या त्या एवढ्याशा चौकोनातही दिसलं.

"काय गो माझे बाय, आजीवर रुसलीस?"

दिशा आईच्या ओढणीची कड पिळत राहिली. मृणालीने तिला काही विचारलंच नाही. कागद आहे का, म्हणाली, कुठला रंग आवडतो, म्हणाली. दहा मिनिटं असं चाललं. शकूच्या मनात आलं, ह्याचेच पैशे घेते काय ही बाई. पण ती कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिली.

मग दिशा एकदम म्हणाली, "आजी, पप्पा मिठाचे होते का?"

शकूने पदर तोंडाला लावला.

"तू बोललीस ना. मला ऐकू आलं. पप्पा रेनकोट घालत होते, फोन स्पीकरवर होता. ते बोलले, आई, पाऊस लय हाय, उद्या येतो. तू बोललीस, चाळीस मूर्ती अडकल्यात, पाऊस पाऊस काय करतोस, मिठाचा हायस का विरघळायला?"

अनिताने हळूहळू मान वर केली. दिनानाथने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तीन वर्षं झाकून ठेवलेलं एका नऊ वर्षांच्या पोरीने उघडं केलं होतं, तेही रागाने नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

"पप्पा पाण्यातच गेले ना?" दिशा म्हणाली. "मग तू रोज त्यांच्या तोंडावर पाणी का टाकतेस? त्यांना श्वास घेता येत नाही ना, आजी. फडकं चिकटतं नाकाला. मी बघितलं."

मृणालीने कोणाला काही बोलू दिलं नाही. मागे थेंब पडला, आणि तो रोह्यालाही ऐकू गेला असावा, कारण दिशाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

शकूच्या तोंडाला अख्खं गाव वचकून असायचं. बाजारात, लग्नात, भावकीच्या बैठकीत तिच्या जिभेला उत्तर नव्हतं. आज ती नुसती मोबाइलपाशी वाकली.

"नव्हता," ती म्हणाली. "मिठाचा नव्हता गो तो. आजीची जीभ खारट." आणि जरा थांबून, "नाय टाकणार पाणी. बस?"

---

त्या संध्याकाळी तांब्या भरला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शकू कारखान्यात गेली, काम केलं, मागच्या भिंतीकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फडक्याला बोट लावलं.

फडकं ओलंचिंब होतं.

तिचा हात जळाल्यासारखा मागे आला. कुलूप तिने स्वतः लावलं होतं, किल्ली कमरेला होती. खुर्चीखाली थारोळं होतं. म्हणजे हा सुकायला तयार नव्हता. आईने सोडलं तरी हा सोडत नव्हता.

"विशाल," तिने हळूच हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "बाबा, पोर घाबरते रे."

फळ्यांवरचे सगळे गणपती त्यांच्या नसलेल्या डोळ्यांनी समोर बघत होते.

चौथ्या दिवशी ती अंधार फिटता फिटता उठली. शेजारची वाकळ रिकामी होती. ती कारखान्याला वळसा घालून मागे गेली. मागचं दार लोटलेलं होतं. आत दिनानाथ खुर्चीसमोर उकिडवा बसला होता. हातात परसातला डबा. तो डब्यातून थोडं थोडं पाणी फडक्यावर सोडत होता, आणि दर वेळी डाव्या हाताने हनुवटीखालचं पाणी पुसत होता, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना पुसतात तसं.

हाच माणूस तीन वर्षं म्हणत होता, शकू, ती माती नदीला दे.

"अवो," ती म्हणाली.

तो दचकला नाही. "तू इसरलीस वाटलं."

"मी इसरेन?"

"नाय. म्हायती हाय नाय इसरणार." त्याने डबा खाली ठेवला. "पण हात र्‍हायला नाय."

शकू दाराला टेकून उभी राहिली. तिने विचारलं, "माघात, मी रोह्याला लग्नाला गेले, तवापण तुमीच?"

"मंग कोण? मागच्या दाराची कडी कधी लागली हाय का ह्या घरात?"

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं. एक मुलगा तीन वर्षांपूर्वी अंबेच्या पुरात गेला होता. दुसरा, दोन दिवस आईवाचून स्वतःला ओलं ठेवणारा, तो आत्ता गेला.

"उठा," ती म्हणाली. "गुडघे धरतील. आन् तो डबा हिकडं द्या."

तिने फडकं उचललं, पिळलं, आणि बाहेर दोरीवर वाळत घातलं.

---

शाडू सावलीत सुकायला आठवडा लागला. सुकताना ती बारीक आवाज करते, दाताखाली खडा यावा तसा. शकू काम करता करता ऐकायची. एक चीर कानामागून गळ्यापर्यंत गेली. तिने ती बुजवली नाही. शर्ट काढून धुतला, घडी केली. अनिताने फोनवर तेवढाच मागितला होता, बाकी काही बोलली नव्हती.

त्यानंतरच्या बुधवारी शकूने बारीक ब्रश घेतला. समोर बसली. दिनानाथ उंबऱ्यावर होता, त्याला बाहेर जा म्हणाली नाही. श्वास रोखला. चाळीस वर्षांत लाखभर डोळे उघडले असतील तिने. वरची रेघ, खालची रेघ, मध्ये बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका, की देव बघायला लागला.

तिने प्रत्येक फुगवट्याच्या खालच्या कडेला एकच रेघ ओढली. खाली झुकलेली. पापणीची. दोन रेघा, आणि ब्रश पाण्यात बुडवला.

कोणी दाखवलं नव्हतं, ते तिने स्वतःच बघून घेतलं.

गुरुवारी तीन वाजता मोबाइल रंगाच्या डब्याला टेकला. आज दिनानाथने खुर्ची बाजूला घेतली होती. दिशा पडद्याला नाक लावून बघत होती.

"पप्पांचं तोंड कोरडं आहे," ती म्हणाली.

"कोरडं ठणठणीत."

"झोपलेत?"

"व्हय गो."

दिशाने आईच्या कानात काहीतरी विचारलं. अनिता म्हणाली, "परीक्षा झाल्यावर बघू." नाही म्हणाली नाही.

"आबा, ते गणपती पुसा ना," दिशा म्हणाली. "त्यांना डोळे नाहीत."

दिनानाथने आता सरावलेलं बोट लावलं. भिंत गेली. फळ्या गेल्या. गणपतींचा ढग झाला. शकू पुढे वाकून मधल्या फटीकडे बघत राहिली. खुर्चीची कड हलली, पांढुरकी झाली, आणि तिच्यावर जे होतं तेही त्या ढगात मिसळून गेलं. पडद्यावर दोन म्हातारी माणसं तेवढी उरली.

"सुरुवात करू या," मृणाली म्हणाली. "खोलीत अजून कोणी आहे का?"

दर गुरुवारी हे उत्तर शकूच्या तोंडातून माशी झटकावी तसं निघायचं. आज वेळ लागला. तिचा हात सवयीने बाजूच्या तांब्याकडे गेला, तो तिने उचलला, क्षणभर तसाच धरला.

"कोण नाय," ती म्हणाली, आणि ते पाणी स्वतःच प्यायली.